‘संथ’ म्हणजे नेमकं काय? दुसऱ्या सीझनवर चिडलेल्या प्रेक्षकाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धरणात बुडालेल्या गावाचा रेडिओ चार जणांना ऐकू येतो, या तुमच्या वेब मालिकेचा दुसरा सीझन मंजूर झालाय. लिहायला बसण्याआधी अभ्यास म्हणून तुम्ही ‘सेव्हरन्स’च्या, म्हणजे मेंदूत चिप बसवून माणसाचं ऑफिसातलं आणि बाहेरचं मन वेगळं करणाऱ्या कंपनीवरच्या अमेरिकी मालिकेच्या, दुसऱ्या सीझनवरच्या प्रतिक्रिया वाचायला घेतल्या आणि त्यांची कात्रणं मला पाठवलीत. एक जण म्हणतो, टीव्हीवर इतकं चांगलं काही झालंच नाही. दुसरा म्हणतो, संथ, भरकटलेलं, नुसती कोडी. यातलं खरं काय धरायचं, आणि आपला सीझन लिहिताना प्रेक्षकांचं ऐकायचं की कान बंद करून घ्यायचे?

मी बावीस वर्षं लिहितोय. त्यातली चौदा रोजच्या मालिकांत गेली, दर गुरुवारी टीआरपीचे आकडे यायचे आणि शुक्रवारी ट्रॅक बदलायचा, असल्या दिवसांत. नंतर वेब. त्यामुळे कान बंद करा असा सल्ला मी देणार नाही, ती चैन मला कधी परवडलीच नाही. पण प्रतिक्रिया वाचायची माझी एक सवय आहे. प्रेक्षक काय म्हणतो हे मी दुसऱ्यांदा वाचतो. पहिल्यांदा एवढंच बघतो की तो चिडलाय कुणावर. पात्रावर, वाहिनीवर, की लेखकावर. प्रेमाने लिहिलेल्या प्रतिक्रियेतही हे कळतं.

पुढे ‘सेव्हरन्स’चा दुसरा सीझन शेवटापर्यंत उलगडलेला आहे. पाहायचा राहिला असेल तर आधी पाहून या.

आधी तारखा. पहिल्या सीझनचा शेवटचा भाग ८ एप्रिल २०२२ ला आला आणि दुसऱ्याचा पहिला १७ जानेवारी २०२५ ला. म्हणजे जवळजवळ पावणेतीन वर्षं. मध्ये २०२३ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा आणि पाठोपाठ नटांचा संप झाला, चित्रीकरण थांबलं. आणि पहिला सीझन कुठे सोडला होता? मार्कच्या ऑफिसातल्या मनाला, त्या ‘इनी’ला, बाहेरच्या जगात कळतं की मेलेली म्हणून सांगितलेली बायको जिवंत आहे. तो ओरडतो आणि पडदा काळा. अशा जागी तुम्ही माणसाला पावणेतीन वर्षं उभं करून ठेवलंत की तो गप्प उभा राहत नाही, आपल्या मनात पुढचा सीझन लिहून काढतो. बकऱ्या कशासाठी, आकडे म्हणजे काय, मार्कची सहकारी हेली बाहेर काय करणार, सगळं त्याने ठरवलेलं असतं. मालिकेचा निर्माता-लेखक डॅन एरिक्सन आणि दिग्दर्शक बेन स्टिलर यांच्या सीझनची स्पर्धा पहिल्या सीझनशी नव्हतीच. ती या घरोघरी लिहिलेल्या सीझनांशी होती, आणि ते फार चांगले असतात, कारण त्यांचं बजेट कुणी कापत नाही.

आता ‘संथ’ या शब्दाकडे येतो, कारण तुमच्या कात्रणांत तो सगळ्यात जास्त वेळा आहे.

पहिला सीझन काय वेगवान होता? नऊ भागांतले सुरुवातीचे तीन-चार आठवा. पांढरे बोळ, चार टेबलं, माणसं पडद्यावरच्या आकड्यांतून भीतीदायक आकडे निवडताहेत. तरी तेव्हा ‘संथ’ म्हणणारे कमी होते. दुसऱ्या सीझनमध्ये घटना कितीतरी जास्त आहेत. मार्कच्या मेंदूची दोन्ही मनं एकत्र करायची शस्त्रक्रिया सुरू होते, हेली म्हणून वावरणारी बाई तिचंच बाहेरचं मन, मालकाची मुलगी हेलेना ईगन, निघते, सहकारी आयर्व्हिंग तिचं डोकं गोठत्या पाण्यात दाबून ते उघड करतो आणि त्याच क्षणी त्याला काढून टाकतात. एवढं चौथ्या भागापर्यंत. मग लोक संथ कशाला म्हणतात?

माझ्या मते त्यांना हवी होती ती चार टेबलं. मार्क, हेली, डिलन, आयर्व्हिंग एकाच खोलीत बसून बिनकामाच्या बक्षिसांवरून एकमेकांची थट्टा करताहेत, हा पहिल्या सीझनचा खरा आनंद होता. वॉफल पार्टी, बोटं अडकवायच्या नळ्या, पाच मिनिटांचा नाच. रहस्य हा त्याचा मसाला. दुसऱ्या सीझनमध्ये ही चौघं खऱ्या अर्थाने एकत्र फारशी नाहीतच. सुरुवातीला हेली खरी नाही, चौथ्या भागानंतर आयर्व्हिंग नाही. पाचव्या भागात त्याची ‘अंत्ययात्रा’ होते, त्याच्या चेहऱ्यासारखं कोरलेलं कलिंगड मांडून. तो प्रसंग लोकांना प्रचंड आवडला. का आवडला ते बघा: ऑफिस, मूर्ख समारंभ, आणि त्याखाली खरं दुःख. जुनी चव तिथे क्षणभर परत आली.

आणि प्रेक्षकाला ही चव पुन्हा मिळणार असं कुणी सांगितलं? मालिकेच्याच जाहिरातीने. प्रदर्शनाच्या आठवड्यात न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात काचेची खोली उभी केली होती. आत ती टेबलं, ते संगणक, आणि खुद्द ॲडम स्कॉट, ब्रिट लोअर, झॅक चेरी वगैरे मंडळी ऑफिसातलं काम करत बसलेली. प्रवासी थांबून बघत होते. कल्पना झकासच होती. पण दुकानाच्या काचेत जे मांडलं तेच गिऱ्हाईक आत येऊन मागणार.

तेव्हा ‘संथ’ वाचलं की कात्री घेऊन प्रसंग छाटायला बसू नका. विचारा की या माणसाला कुणाची आठवण येतेय. गतीची तक्रार म्हणून जे लिहिलं जातं त्यातलं पुष्कळसं विरहाचं असतं. (रोजच्या मालिकांत हे आम्हाला फार लवकर कळतं. नायिका आठवडाभर माहेरी गेली की तिकडे खून झाला तरी लोक म्हणतात, हल्ली काही घडतच नाही.)

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे सातवा आणि आठवा भाग. २८ फेब्रुवारीला ‘चिखाई बार्डो’ आला. तिबेटी मृत्युग्रंथातला शब्द, मरणाच्या क्षणाच्या अवस्थेचा. जेसिका ली गान्ये या मालिकेची छायाचित्रकार, तिने पहिल्यांदाच दिग्दर्शन केलं. मार्क आणि त्याची बायको जेमा यांचं लग्न, मूल न राहणं, दवाखान्याच्या फेऱ्या, आणि तळमजल्याखाली वेगवेगळ्या खोल्यांत जेमाचं वेगवेगळं मन कापून केलेला छळ: एका खोलीत कायम दंतवैद्य, एकीत कायम हेलकावणारं विमान, एकीत कायम नाताळची आभारपत्रं लिहीत बसायचं. प्रेक्षक हलला. एरवी नाक मुरडणारेही गप्प झाले. आणि भागाच्या शेवटी जेमा पळून लिफ्टपर्यंत पोचते, लिफ्ट वर जाते, आणि दार उघडतं तेव्हा ती जेमा उरलेली नसते.

पुढच्या शुक्रवारी, ७ मार्चला, ‘स्वीट व्हिट्रिऑल’. सदतीस मिनिटं, सीझनमधला सगळ्यात छोटा भाग. त्यात जेमा नाही, ऑफिस नाही, हेली नाही. फक्त मार्कची जुनी मॅनेजर हार्मनी कोबेल, समुद्रकाठचं तिचं मोडकळीला आलेलं गाव, बंद पडलेला इथरचा कारखाना, आणि शेवटी हा शोध की मेंदूतल्या त्या चिपची मूळ रचना तिची आहे, श्रेय मात्र कंपनीच्या मालकाने घेतलं.

या भागावर जो राग निघाला तो सीझनमधला सगळ्यात मोठा. आता नीट बघा, त्यात दोन वेगळे राग मिसळलेत.

एक राग आठवड्याचा आहे. माणूस सात दिवस लिफ्टच्या दाराशी उभा होता आणि त्याला भलत्याच गावाला नेलं. हा राग खरा आहे, पण तो प्रसारणाच्या वेळापत्रकाचा आहे. आज कुणी सातवा आणि आठवा भाग एकाच रात्री पाहिला तर त्याला तो फारसा जाणवत नाही. तासाभरात नववा सुरू होतो. माझ्या ओळखीत ज्यांनी सीझन नंतर सलग पाहिला, त्यातल्या बहुतेकांना आठवा भाग आवडलाय. काहींना तर तो वेगळा आठवतही नाही.

दुसरा राग मात्र सलग पाहूनही जात नाही. कोबेलने चिप बनवली, ही गोष्ट कुठून आली? तिच्या पहिल्या सीझनमधल्या वागण्याला ती लागू पडते, हे खरं. मार्क आणि जेमा ऑफिसात एकमेकांसमोर आले तर काही आठवतं का, हे ती वेड्यासारखी तपासत होती, आणि ते आपलं यंत्र चालतंय का हे तपासणाऱ्या कारागिराचं वागणं वाटतं. पण ‘नंतर विचार केला तर जुळतं’ आणि ‘बघताना जुळल्यासारखं वाटलं’ यांत अंतर असतं. इथे ते वाटलं नाही. मी लिहीत असतो तर दुसऱ्या-तिसऱ्या भागात कोबेलच्या हातून एखादी अशी दुरुस्ती करवली असती जी साध्या मॅनेजरला यायलाच नको. एकच ओळ. प्रेक्षकाने ती सोडून दिली असती आणि आठव्या भागात कपाळाला हात लावला असता.

विज्ञानकथेत नियमाची तक्रार सगळ्यात गंभीर धरायची, आणि ‘सेव्हरन्स’वरची रास्त तक्रार तिथेच आहे. दोन मनं एकत्र करायच्या शस्त्रक्रियेचं घ्या. पहिल्या सीझनमध्ये मार्कचा जुना सहकारी पीटी याने ती करून घेतली होती. त्याला काळ-वेळ कळेना, आंघोळ करता करता तो ऑफिसात असायचा, झटके आले, मेला. नियम ठरला: ही गोष्ट भयंकर आहे आणि एकदा सुरू झाली की थांबत नाही. दुसऱ्या सीझनच्या तिसऱ्या भागाच्या शेवटी मार्क तीच शस्त्रक्रिया सुरू करतो. प्रेक्षक खुर्चीच्या कडेला येतो. आणि मग? थोडा खोकला, थोडी चक्कर, एकदा कोसळतो. शेवटच्या भागात तर दोन मार्क कॅमेऱ्यावर एकमेकांसाठी निरोप ठेवून भांडताहेत, म्हणजे मनं चांगली दोन वेगळी आहेत.

लेखकांनी असं का केलं हे मला समजतं. शेवटचं भांडण हवं तर दोन मार्क हवेत. पण मग ती शस्त्रक्रिया इतक्या लवकर सुरू करायला नको होती. कुणी ‘मनं जुळवायचं काय झालं?’ असं विचारलं तर तो चिडलेला माणूस तुमचा सगळ्यात चांगला प्रेक्षक आहे. तुम्ही दिलेला नियम त्याने जपून ठेवला आणि तुम्हीच तो हरवलात. त्याचा राग लेखकावर आहे आणि तसाच असायला हवा.

लेखकावरचा राग सीझन संपायच्या आत ऐकून चूक कबूल करणाराही एक झालाय. अमेरिकेतल्या ‘हीरोज’ या मालिकेचा पहिला सीझन २००६ मध्ये धो धो चालला. दुसरा सप्टेंबर २००७ मध्ये आला आणि लोक वैतागले. नोव्हेंबरमध्ये, सीझन चालू असताना, निर्माता टिम क्रिंगने मुलाखतीत यादीच दिली: मुख्य कथेला यायला उशीर झाला, नवी पात्रं मूळ पात्रांपासून तोडून आणली, प्रेमप्रकरणं या मालिकेला शोभली नाहीत, हिरो नावाच्या पात्राला जुन्या जपानात फार दिवस ठेवलं. प्रेक्षक नेमकं हेच म्हणत होते. पण त्याच महिन्यात लेखकांचा संप सुरू झाला, सीझन अकरा भागांत गुंडाळला, आणि घाईत एक गोष्ट राहून गेली. नायक पीटर आपल्या मैत्रिणीला, केटलिनला, भविष्यातल्या महामारीच्या न्यूयॉर्कला घेऊन गेला होता. तो परत आला, ती तिकडेच राहिली. मग ते भविष्य पुसलं गेलं. केटलिनचं काय? मालिकेने पुन्हा कधी तिचं नावही काढलं नाही. क्रिंगच्या यादीतल्या चुका आज कुणाला आठवत नाहीत. केटलिन अजून आठवते.

पात्रावरचा राग वाचणं याहून अवघड, कारण तो फसवा असतो. माझंच सांगतो. एका रोजच्या मालिकेत आम्ही घरात आत्या आणली. टोमणे मारणारी, हुशार, नटी एकदम तयारीची. दोन आठवड्यांत बोंब. आत्या नको, आत्याला हाकला. वाहिनीचाही निरोप, आत्याला गावाला पाठवा. आम्ही एपिसोडांची बँक, म्हणजे शूट करून ठेवलेला साठा, काढून सलग पाहिली तेव्हा लक्षात आलं की त्याच काळात आमच्या सूनबाईचा मौनव्रताचा ट्रॅक चालू होता. आत्या टोमणा मारते आणि सूनबाई बघत राहते. आत्या पुन्हा मारते, सूनबाई पुन्हा बघत राहते. रोज बावीस मिनिटं. व्रत आठ दिवस आधी संपवलं, सूनबाईला एकच खणखणीत उत्तर दिलं, आणि तीच आत्या पुढे वर्षभर घराघरांत लाडकी झाली.

आता ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’चा दुसरा सीझन बघा, १९८८-८९ चा. डॉक्टर क्रशर गेल्या, त्यांच्या जागी डॉक्टर पुलास्की आल्या, डायना मुल्डॉर. पहिल्याच भागात त्या डेटा या यंत्रमानवाचं नाव चुकीचं उच्चारतात आणि वर विचारतात, काय फरक पडतो? तो शांतपणे सांगतो, एक माझं नाव आहे, दुसरं नाही. लेखकांच्या डोक्यात उघडपणे जुन्या मालिकेतली डॉक्टर मॅकॉय आणि स्पॉकची जुगलबंदी होती. पण स्पॉक उलट टोला द्यायचा, भुवई उंचावून माणसाला गार करायचा. डेटाला राग येत नाही, टोला मारता येत नाही, तो लहान मुलासारखा निरागस. त्यामुळे लेखकांना जी नोकझोक वाटत होती ती प्रेक्षकांना दादागिरी दिसली. राग पुलास्कींवर निघाला, आणि त्या एका सीझननंतर गेल्या, क्रशर परत आल्या. नटीचा यात काडीचा दोष नव्हता. गंमत म्हणजे याच सीझनमध्ये ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा भाग आहे, डेटा ही वस्तू की व्यक्ती यावरच्या खटल्याचा. ज्या प्रेक्षकाने पुलास्कींवर राग धरला त्याच्या मनात हा खटला आधीच निकालात निघाला होता. त्याचं ऐकायला शिकायचं ते असं.

वाहिनीवरच्या रागाबद्दल फार लिहीत नाही, तुमच्या हातात ते नाही. पण एक किस्सा सांगतो, कारण दुसऱ्या सीझनवरच्या प्रेक्षक-प्रतिक्रियेचा तो मूळपुरुष आहे. मूळ ‘स्टार ट्रेक’ दुसऱ्या सीझनमध्येच बंद होणार अशी आवई १९६७ च्या शेवटी उठली. जॉन आणि बिजो ट्रिंबल या चाहत्या जोडप्याने पत्रमोहीम उभारली. एनबीसी वाहिनीकडे लाखाच्या वर पत्रं गेली, कॅलटेक या तंत्रसंस्थेचे विद्यार्थी मशाली घेऊन बरबँकच्या कचेरीवर गेले, आणि १ मार्च १९६८ च्या रात्री भाग संपल्यावर वाहिनीला जाहीर करावं लागलं की मालिका पुढे चालू राहील. प्रेक्षक जिंकले. मग वाहिनीने तिसरा सीझन शुक्रवारी रात्री दहाला टाकला, जेव्हा ही मालिका बघणारी तरुण पोरं घरी नसायची. पैसे कापले. १९६९ च्या जूनमध्ये संपली. पण तोवर ७९ भाग झाले होते, स्थानिक वाहिन्यांना रोज दाखवायला पुरेसे, आणि खरी लोकप्रियता त्या पुनःप्रसारणात आली. आमच्याकडे दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात ती लागायची तेव्हा सीझन ही भानगडच आम्हाला ठाऊक नव्हती. स्पॉकचे कान बघायचे, बस्स.

उरला एक उलटा प्रकार, लेखकच प्रेक्षकावर रुसण्याचा. २०१६ मध्ये ‘वेस्टवर्ल्ड’ या यंत्रमानवांच्या करमणूक-नगरीवरच्या मालिकेच्या पहिल्या सीझनला प्रेक्षकांनी एकत्र डोकं लावून मोठी रहस्यं काही आठवड्यांतच ओळखली: काळाचे दोन पदर आहेत, आणि काळ्या कपड्यातला म्हातारा म्हणजेच तो तरुण विल्यम. दुसऱ्या सीझनआधी, एप्रिल २०१८ मध्ये, तिचे निर्माते जोनाथन नोलन आणि लिसा जॉय यांनी रेडिटवर जाहीर केलं की हजार मतं मिळाली तर सीझनची सगळी गोष्ट आधीच फोडतो. मतं मिळाली. व्हिडिओ आला, आणि त्यात मालिकेची नायिका इव्हान रेचल वुड एक जुनं, फसवणुकीसाठी प्रसिद्ध असलेलं गाणं गात होती. मग वीसेक मिनिटं पियानोसमोर बसलेला कुत्रा. मी पोट धरून हसलो.

सीझन बघताना मात्र हसू आलं नाही. काळ इतक्या तुकड्यांत कापला होता की बर्नार्ड या मुख्य पात्राला स्वतःलाच कळत नव्हतं आपण केव्हा आहोत, मग आपल्याला काय कळणार. प्रेक्षकाने ओळखू नये या भीतीने गाठी मारल्यासारखं वाटत राहिलं. आणि त्या सीझनमधला लोकांनी डोक्यावर घेतलेला भाग कुठला? आठवा, ‘किक्सुया’. झान मॅक्लार्ननचा आकेचेटा आपली हरवलेली बायको शोधतो, सरळ एका रेषेत, जवळजवळ सगळा लकोटा या मूळ अमेरिकी भाषेत. त्यात ओळखण्यासारखं काही नव्हतं. लोक रडले.

म्हणून तुमच्या मालिकेतलं रहस्य कुणीतरी ओळखणार हे आत्ताच मान्य करून टाका. ‘सेव्हरन्स’मध्येही हेली ही हेली नाही हे कितीतरी लोकांनी दुसऱ्या-तिसऱ्या भागातच ताडलं होतं. बाहेर काय पाहिलंस म्हणून सहकारी विचारतात तेव्हा ती रात्रीच्या माळ्याची जी थाप मारते, तिथेच पाल चुकचुकली. तरी चौथा भाग कोसळला नाही, कारण प्रश्न ‘ती कोण’ एवढाच नव्हता. आयर्व्हिंगला ते कळेल तेव्हा तो काय करेल, आणि मार्कला कळेल तेव्हा त्याच्या वाट्याला काय येईल, हे कुणालाच ओळखता आलं नव्हतं.

आता शेवटचा भाग, ‘कोल्ड हार्बर’, २१ मार्च. इथे मला ‘सेव्हरन्स’ची मंडळी जिंकलेली दिसतात. बाहेरच्या मार्कला बायको हवी आहे. तो ऑफिसातल्या मार्कला पटवतोय: तिला सोडव, मग आपण दोघं एक होऊ. बोलता बोलता तो हेलीचं नाव ‘हेलनी’ असं घेतो. संपलं. ज्या बाईवर ऑफिसातल्या मार्कचं प्रेम आहे, तिचं नावही या माणसाने नीट लक्षात ठेवलेलं नाही. एका चुकलेल्या नावात सगळा वर्गभेद आला. शेवटी ऑफिसातला मार्क जेमाला दाराबाहेर काढतो आणि स्वतः आतच राहतो, हेलीचा हात धरून बोळातून पळतो. जेमा दारावर हात आपटतेय.

त्या रात्री आणि पुढे कित्येक दिवस लोक भांडले. मार्क नीच आहे. नाही, त्याने बाहेर जाऊन मरायचं का? जेमाने इतकं सोसलं त्याचं काय? आणि हेलीला जगायचा हक्क नाही? माझ्या घरात बायको जेमाकडून आणि मुलगी हेलीकडून, जेवणाच्या टेबलावर आवाज चढलेले. यात ‘लेखकाने असं का केलं’ हा प्रश्न जवळजवळ कुणी विचारत नव्हतं. सगळे मार्कशी भांडत होते. दोन आठवडे आधी हेच लोक एरिक्सनशी भांडत होते, हे लक्षात घ्या.

तर तुमच्या कात्रणांतली दोन्ही माणसं खरं बोलताहेत, फक्त ती वेगवेगळ्या शुक्रवारी बोललीत. अप्रतिम म्हणणारा सातव्या किंवा दहाव्या भागाबद्दल बोलतोय, भरकटला म्हणणारा आठव्याबद्दल किंवा शस्त्रक्रियेबद्दल. प्रत्येक कात्रणावर तारीख घाला आणि कुठला भाग झाल्यावर लिहिलंय ते घाला. निम्मा गोंधळ तिथेच संपेल. पुरस्कारांवरून काही ठरवायला जाऊ नका. २०२५ च्या एमी या टीव्ही-पुरस्कारांत या सीझनला २७ नामांकनं होती, ब्रिट लोअर आणि ट्रॅमेल टिलमन दोघांना पुरस्कार मिळाला, मालिकेचा मोठा पुरस्कार दुसऱ्याला गेला. टिलमनचा मिल्चिक, तो ऑफिसातला मॅनेजर, मात्र पाहून ठेवा. संशयाच्या आठवड्यांतही त्याच्याबद्दल तक्रार नव्हती, कारण त्याला वेळोवेळी कुठलातरी छोटा, ठोस अपमान मिळत होता: मोठे शब्द वापरतो म्हणून कामाच्या आढाव्यात ठपका, मग एकट्याने बसून कागदांना क्लिपा नीट लावायचा सराव.

तुमच्याबद्दल दोनच गोष्टी. तुमच्या पहिल्या सीझनखालचे जे अभिप्राय तुम्ही पाठवलेत, त्यात रेडिओचं रहस्य काय असेल यावर भरपूर तर्क आहेत. ते वाचा, हसा आणि बाजूला ठेवा. मला त्यात दुसरंच दिसलं. टपरीवर चौघं एकच इअरफोन आळीपाळीने कानाला लावतात, त्या प्रसंगाचा उल्लेख किती जणांनी केलाय ते मोजलंत का? आणि तुमच्या नव्या आराखड्यात पहिल्या भागातच एक जण पुण्याला, एक जण तुरुंगात, आणि उरलेले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

दुसरं, बुडालेल्या गावातून फक्त ऐकू येतं, तिकडे काही सांगता येत नाही, असा नियम तुम्ही पहिल्या सीझनच्या तिसऱ्या भागात घातलाय. नव्या सहाव्या भागात ती म्हातारी इकडच्या प्रश्नाला उत्तर देते. प्रसंग सुरेख आहे, मला काटा आला. पण नियम तोडायचा तर चौथ्या भागापर्यंत कुणाला तरी शंका यायला हवी, आणि तोडण्याची किंमत कुणीतरी चुकवायला हवी.

आराखडा परत पाठवाल तेव्हा एक काम करा. प्रत्येक भागाच्या वन-लाईनसमोर, ती चौघं एका जागी किती मिनिटं आहेत, तेवढा आकडा लिहा.